पाचशे रुपयांत दोघांची संध्याकाळ: औरंगाबाद लेणी की वेरूळ?

गुलमंडीकर (धागा सुरू करताना)
दोघांनी थोडी कला पाहावी, मग पोटभर जेवावं आणि पाचशेच्या वर जाऊ नये, असं म्हटलं की संभाजीनगरात लोक डोळे झाकून वेरूळ सुचवतात. मला ते पटत नाही. वेरूळ हे दिवसभराचं काम आहे, डेटचं नाही. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी धरा.

तिकीट माणशी 25 रुपये, ऑनलाइन 20. घरूनच काढून स्क्रीनशॉट ठेवा, डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही. दुचाकीला चाळीसचं पेट्रोल. म्हणजे जेवणाला चारशेच्या वर उरतात.

चारला पोहोचा. लेण्यांचे दोन गट आहेत, मध्ये किलोमीटरभर अंतर. बहुतेक जण 1 ते 5 पाहून दमतात आणि परत फिरतात. तिथंच चुकतं. आधी 6 ते 9 चा गट करा, कारण खरा ऐवज सातव्यात आहे. दाराशेजारी अवलोकितेश्वर बोधिसत्त्व उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत: आग, चोर, बेड्या, बुडती नाव, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. कुठलं संकट कोणतं, हे दोघांनी फलक न वाचता ओळखायचं. अर्धा तास कसा जातो कळत नाही. गाभाऱ्यात डाव्या भिंतीवर मधोमध नाचणारी स्त्री आणि भोवती वाजवणाऱ्या सहा जणी. उन्हातून आत शिरल्यावर आधी नुसता अंधार दिसतो. दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहा, मग वाद्यं एकेक करून उमटतात. दुसऱ्या गटात वेळ कमी असेल तर फक्त तिसरं लेणं. बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले भक्त तिथं जवळपास माणसाएवढे आहेत.

नंतर शहरात उतरून नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा.

लाल डबा
दुचाकी नसलेल्यांनी काय करायचं, तेही सांगा की! लेण्यांकडं जायला रिक्षा मिळते, परतीला तिथं चिटपाखरू नसतं. रिक्षा थांबवून ठेवली की तुमचं बजेट तिथंच बसलं.

वेरूळचा हिशेब ऐका. अंतर तीस किलोमीटर, एसटीच्या साध्या गाडीचं पूर्ण तिकीट पन्नाशीच्या घरात. मार्च 2023 पासून बायकांना निम्मं. दोघांचं जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास. लेण्यांचं तिकीट 40, ऑनलाइन 35. सगळं धरून सव्वादोनशे, उरलेल्यात भाकरी-भाजी आरामात.

आणि 34 लेणी पाहायची कोणी सांगितलं? दोनच घ्या, 10 आणि 16. वेरूळचा कडा पश्चिमेकडं तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतर ऊन आत शिरतं. दहाव्यातल्या छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या आहेत, त्या तेव्हाच खुलतात. सकाळी जाणाऱ्यांना तिथं नुसता काळोख दिसतो आणि ते म्हणतात, काही खास नाही. सोळाव्यात, म्हणजे कैलासात, दक्षिणेकडच्या बाजूला रावण पर्वत हलवतोय, तो शिल्पपट सोडू नका. अडीचला पोहोचा, पाचला बाहेर पडा, परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. मंगळवारी वेरूळ बंद असतं, हे विसरणारे दर आठवड्याला सापडतात.

ज्वारीची भाकर
दोघंही जेवणाचं दोन शब्दांत उरकताय, पैसे तर तिथंच उडतात. अनलिमिटेड थाळी घेऊ नका. एकीत दोघांना जेवू देत नाहीत आणि दोन घेतल्या की अर्धं ताटात राहतं. साध्या खानावळीत एक शेवभाजी, चार भाकरी, ठेचा, कांदा. एवढ्यात दोघांचं होतं. येसर आमटी मिळाली तर ती आधी.

खलिया खाणार असाल तर एक प्लेट दोघांत पुरते, नान वेगळे सांगायचे. पिवळसर, किंचित गोडसर नान गरम असतानाच रश्शात बुडवावा, गार झाला की चिवट होतो. तर्री कमी सांगा, नाहीतर रात्रभर पाणी पीत बसाल. मुहम्मद तुघलकाच्या लष्करापासून हा पदार्थ आला म्हणतात. खरं-खोटं काही का असेना, चव आपल्याकडचीच झालीय.

तेरणाकाठ
काहून सगळं संभाजीनगरातच? धाराशिवकडच्यांनी तेरला जावं. तिथलं त्रिविक्रमाचं, म्हणजे विष्णूचं देऊळ विटांचं, मागची बाजू गोल. मुळात ते बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह असावं, असं अभ्यासक मानतात. एकाच वास्तूत दोन धर्म पाहायला मिळतात. शिवाय लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय, त्यात सातवाहनकाळच्या मातीच्या मूर्ती. मात्र तेरला रात्रीच्या जेवणाची आशा धरू नका, धाराशिवला येऊनच जेवा. शेवटी कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा.

आडवा प्रश्न
देवाधर्माच्या जागी डेट? वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, श्रावणात रांग तासन् तास. जोडप्याची संध्याकाळ कशाला नासवता?

गुलमंडीकर
मंदिराच्या रांगेत लागा असं कोणीच म्हटलेलं नाही, गोष्ट शिल्पं पाहण्याची चाललीय. मात्र औरंगाबाद लेणी आजही बौद्ध उपासकांच्या श्रद्धेची जागा आहे. विजयादशमीला तिथं मोठी गर्दी लोटते, तो दिवस निवांत फिरण्याचा नाही. एरवीही गाभाऱ्यात हातात हात घालून सेल्फी नकोत, बाहेर पायऱ्यांवर काढा. कड्याला मोहोळ असेल तर जवळपास सिगारेट पेटवू नका.

लाल डबा, रिक्षाचं मान्य. दुचाकी नसेल तर तुमचाच बेत बरा. पण तुमच्या हिशेबात वाटेतली दौलताबादची वेस नाही. रविवारी तिथं गाड्या अडकल्या की तास जातो. डिसेंबरात सूर्य सहाच्या आधी मावळतो आणि लेणी सूर्यास्ताला बंद होतात, तेव्हा अडीच नाही, दीडलाच पोहोचा.

लाल डबा
रविवार सोडून बुधवारी जा, गाडीत जागाही मिळते.