मोनो रेकॉर्डची खरखर आणि मार्ट्सीचा बाख

व्हायोलिनवादक योहाना मार्ट्सीने वाजवलेल्या, बाख या संगीतकाराच्या रचनांची नवी एलपी आणली तरी खरखर आहेच, मग मोनोसाठी, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणाऱ्या रेकॉर्डसाठी, एवढे पैसे का घालायचे, असं एकाने विचारलंय. ऑर्केस्ट्रा असता तर मीही डावा-उजवा आवाज वेगळा देणारं स्टिरिओच घेतलं असतं. पण १९५४-५५ मधलं हे ध्वनिमुद्रण एकट्या व्हायोलिनचं आहे. सोबतीला पियानोसुद्धा नाही. डावं-उजवं वाटून द्यायला आहेच काय तिथे?

रेकॉर्डला दोष देण्याआधी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिची हालचाल टिपणारा भाग, बघा. मोनो रेकॉर्डच्या खाचेत संगीत असतं ते फक्त सुईच्या आडव्या हालचालीत. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र सुईचं वर-खाली होणंही टिपतं, आणि त्या हालचालीत धूळ, ओरखडे आणि टर्नटेबलची घरघर यांशिवाय काहीच नसतं. याच एलपीवरच्या डी मायनर पार्तीता या रचनेतला शाकॉन हा भाग चालू असताना मी अँप्लिफायरचं मोनो बटण दाबलं, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र केला. चुरचुर लगेच खाली बसली, आणि गज एकदम तीन-चार तारांवर पडतो तो आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध येऊन थांबला. इतकी वर्षं मी ते बटण वापरलंच नव्हतं! बटण नसेल तर खरं मोनो कार्ट्रिज घ्या, फरक ऐकू येतोच. फक्त जुन्या काळातलं मोनो कार्ट्रिज स्टिरिओ रेकॉर्डवर ठेवू नका. त्यातल्या बऱ्याच सुया वर-खाली नीट हलत नाहीत, खाच कायमची खराब होते.