निवृत्तीनंतरच्या प्रवासात जुने सहकारी, जुने मित्र भेटले का? तुमचे अनुभव लिहा

नोकरीत असताना रजा संपायच्या धास्तीनंच प्रवास व्हायचा. निवृत्तीनंतर वेळ हाती आला, तोवर आपली माणसं पांगली: कुणी मुलाकडे, कुणी मुलीकडे, कुणी परत मूळ गावी. बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात आणि मग तिथं ओळखीचं कोण राहतं ते आठवून पाहतात. मी हल्ली उलट करते. आधी माणूस ठरवते, मग तिकीट काढते. प्रयोगशाळेत जिच्या शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं काम केलं, तिच्याकडे अशीच जाऊन आले आणि वाटलं, आपल्यातल्या इतरांनाही विचारावं. कोण भेटलं? शोधलंत कसं? वेळ पुरला का? भेट जमली नसेल तर तेही मोकळेपणानं लिहा, पुढच्याला त्याचाच उपयोग जास्त होतो. नावं आणि पत्ते मात्र नकोत.

निवृत्त रेडिओ ऑफिसर

मी मालवाहू जहाजांवर होतो. एका जहाजावर आमच्या कामाचा माणूस एकच, त्यामुळे आमचे सहकारी बहुतेक हवेतच भेटायचे. ज्याच्याबद्दल लिहितोय तो त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर. प्रत्यक्ष भेटी अगदी थोड्या, एकाच बंदरात जहाजं लागली तरच. पण मॉर्स, म्हणजे टिंब आणि रेघांची तारभाषा, पाठवणाऱ्याचा हात हस्ताक्षरासारखा ओळखू येतो. त्याचा हात मी कितीही खरखरीतून ओळखायचो.

आमच्या रेडिओरूमच्या घड्याळावर लाल पट्टे असत, दर तासाच्या 15 ते 18 आणि 45 ते 48 मिनिटांवर. तेवढा वेळ 500 किलोहर्ट्झवर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठीच्या लहरीवर, कुणी काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. संकटातल्या जहाजाची क्षीण हाक असली तर ती हरवू नये म्हणून. एका रात्री आमच्या एका खलाशाच्या पोटात असह्य दुखायला लागलं. जहाजावर डॉक्टर नाही. रोममध्ये सीआयआरएम नावाचं केंद्र आहे, ते 1935 पासून समुद्रावरच्या जहाजांना रेडिओवरून मोफत वैद्यकीय सल्ला देतं. माझा सिग्नल काही तिथवर पोचेना. मित्राचं जहाज मधल्या पट्ट्यात होतं. रात्रभर तो माझे निरोप पुढे आणि डॉक्टरांची उत्तरं माझ्याकडे पाठवत बसला. खलाशी वाचला.

1 फेब्रुवारी 1999 ला जीएमडीएसएस ही जहाजांच्या संकटसंदेशांची नवी, उपग्रहांचाही वापर करणारी यंत्रणा पूर्णपणे लागू झाली, मॉर्सची सक्ती गेली आणि तिच्याबरोबर आमचं पदही. तो एका किनाऱ्याला लागला, मी दुसऱ्या.

नातीच्या पदवीदानाला निघालो तेव्हा वाट वाकडी करून दोन दिवस त्याच्याकडे राहिलो. सुनेनं फोनवर आधीच सांगितलं होतं, 'बाबांना फार कमी ऐकू येतं, यंत्र लावूनही शब्द लागत नाहीत, हल्ली ते गप्पच असतात.' पहिला तास तसाच गेला. मी मोठ्यानं बोलायचो, तो मान हलवायचा, आणि त्याला काही कळलेलं नाही हे मला दिसत होतं. मग मी त्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटानं त्याच्या जुन्या जहाजाची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळखखूण, मॉर्समध्ये दाबली. (टेबलावर टकटक करून भागत नाही. टिंब कुठलं आणि रेघ कुठली हे कळायला बोट दाबून धरावं लागतं.) तो ताठ बसला. माझा हात ओढून घेतला आणि उत्तर दिलं. मी जरा वेग घेतला तर 'क्यूआरएस' आलं, म्हणजे सावकाश पाठव. पुढचे दोन दिवस आम्ही बोलतच होतो. डॉक्टरांनी खलाशाची नाडी आणि ताप तासातासाला कळवायला सांगितलं होतं, हे त्याच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं.

त्याची सून आता मॉर्स शिकतेय.

बँकेतून निवृत्त

माझा अनुभव लहान आहे. लेजर जुळवताना तो आकडे वाचायचा आणि मी टिक करायचो, असे आम्ही जोडीदार. माझी गाडी त्याच्या गावावरून जाते आणि इंजिन बदलायला तिथं थांबते. त्याला पूल चढवत नाही, म्हणून डबा कुठला आणि गाडी कुठल्या फलाटाला लागते हे मी आधीच कळवलं होतं. तो बरोब्बर दारासमोर उभा. बोलणं झालं ते मुलाबाळांचं, दोघांच्या गोळ्यांचं आणि एका न जुळलेल्या ताळेबंदाचं. तेवढ्यात सिग्नल पडला. येताना मी सरळ त्याच्याकडे उतरलो आणि पुढचं तिकीट बदलून घेतलं.

निवृत्त परिचारिका

आम्ही चौघी एका बॅचच्या, नाईट ड्यूटीच्या मैत्रिणी. शेवटची निवृत्त झाली की थंड हवेच्या ठिकाणी जायचं असं कधीचं ठरलेलं. पण तोवर एकीच्या यजमानांना पक्षाघात झाला आणि ती एक रात्रसुद्धा घर सोडू शकत नव्हती. म्हणाली, 'तुम्ही जाऊन या गं, मला फोटो पाठवा.' आमच्यातली थोरली म्हणाली, 'जायचं तर चौघींनी, नाहीतर कुणीच नाही.'

बुकिंग रद्द केलं आणि तिच्याच गावी गेलो. तिच्या घरावर भार नको म्हणून जवळच खोली घेतली. तिघींनी पाळ्या लावून घेतल्या. दर दोन तासांनी दादांची, म्हणजे तिच्या यजमानांची, कूस बदलायची, टाचा आणि माकडहाडाची जागा लाल झालीय का बघायचं, गिळताना ठसका लागत नाही ना याकडे लक्ष ठेवायचं. पाळी बदलताना हँडओव्हर वॉर्डात द्यायचो तसाच. ती पहिल्या रात्री सलग झोपली, आणि ती अशी झोपली याचा आनंद मला कुठल्याही डोंगरमाथ्यावर झाला नसता. रोज आमच्यातल्या दोघी तिला घेऊन बाहेर पडायच्या, तिसरी घरी थांबायची. माझं स्पष्ट मत आहे: सहल कुठे न्यायची हे तिनं ठरवावं जिला घराबाहेर पडणं सगळ्यांत अवघड आहे.

मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका

'शोधलंत कसं?' असं धागा काढणाऱ्या ताईंनी विचारलंय. शोधणं हल्ली फारसं अवघड नाही. क्रमांक हाताशी असतो आणि फोन होत नाही, अडतं तिथं. लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोघींनी 2024 मध्ये याच विषयावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. संपर्क तुटलेल्या मित्राला निरोप लिहायला त्यांनी लोकांना वेळ दिला. मित्राचा पत्ता होता, त्याला आवडेल असंही वाटत होतं, तरी निरोप पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले. जुन्या मित्राला निरोप पाठवायला लोक अनोळखी माणसाशी बोलण्याइतकेच कचरतात, असं त्यांना आढळलं. ज्यांना आधी काही मिनिटं सध्याच्या मित्रांना निरोप पाठवायला लावले, त्यांच्यातले मात्र निम्म्याहून जास्त जण पुढे जुन्या मित्रालाही लिहू शकले.

मी निघण्याआधी असंच केलं. जवळच्या मैत्रिणींशी फोनवर बोलले आणि त्याच बैठकीत वसतिगृहातल्या मैत्रिणीला लिहिलं: 'अगं, पुढच्या महिन्यात तुझ्या शहरात आहे. भेटावंसं वाटतं. जमण्यासारखं नसेल तर फोनवर बोलू.' शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. या वयात समोरच्या घरी काय चाललंय हे आपल्याला माहीत नसतं, त्याला नाही म्हणायला वाट ठेवावी. तासाभरात उत्तर आलं. भेटूया असं त्यात कुठे लिहिलेलंच नव्हतं, स्टेशनच्या कुठल्या दारानं बाहेर यायचं तेवढं होतं.

सर्व्हे खात्यातून निवृत्त

रेडिओ ऑफिसर साहेबांचं वाचलं आणि लिहायला बसलो. मला काम शिकवणारे आमचे साहेब आता लेकीकडे असतात. त्यांना अल्झायमर आहे. लेकीनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, सकाळी या, संध्याकाळ झाली की बाबांचा गोंधळ वाढतो. दुसरी, 'ओळखलंत का?' असं विचारू नका, स्वतःच नाव सांगा. ही दुसरी गोष्ट अशा भेटीला जाणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. तो प्रश्न त्यांना परीक्षेला बसवतो आणि उत्तर आलं नाही की ते खजील होतात.

मी नाव सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग बरोबर नेलेला जुना फोटो काढला. माळरान, तिकाटण्यावर थिओडोलाइट (मोजणीत कोन मोजायचं यंत्र), शेजारी ते आणि मी. फोटोतल्या माणसांकडे त्यांनी पाहिलंही नाही, यंत्रावर बोट ठेवलं. मी म्हणालो, 'साहेब, बबल मधे येत नाहीये.' त्यांनी दोन्ही हात पुढे केले, अंगठे आत फिरवले आणि म्हणाले, 'डावा अंगठा बघ.' यंत्र सपाटीला आणायचे, म्हणजे लेव्हलिंगचे, स्क्रू फिरवताना पाणसळीतला बबल डाव्या अंगठ्याच्या दिशेनं सरकतो, हा आमच्या कामातला पहिला धडा. त्यांनीच मला दिलेला. अल्झायमरमध्ये अलीकडचं आधी पुसलं जातं आणि हातात मुरलेलं काम पुष्कळ काळ टिकतं, असं लेकीला त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी कोण ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण जाईपर्यंत त्यांनी मला शिकवलं, अगदी पूर्वीच्याच आवाजात, आणि मी पूर्वीसारखाच 'होय साहेब' म्हणत ऐकलं.

ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त

जमली नाही अशीही एक भेट. आम्ही शेजारच्या बोर्डांवर काम केलं, ट्रेसिंग एकमेकांची तपासली, अमोनिया प्रिंटचा तो नाक झोंबणारा वास एकत्र सहन केला. भेटलो तर जुन्या इमारतींच्या गप्पा लवकरच संपल्या आणि पुढे बोलायला काही सापडेना. तोही नीट वागला, मीही. आमची मैत्री कामापुरती होती आणि त्या कामात ती उत्तम होती. गेलो याचं मला समाधान आहे. पुन्हा जायची ओढ नाही.

गृहिणी

मी कुणाची सहकारी नाही, चालेल ना? हे गेल्यावर त्यांच्या जुन्या गँगमधल्या माणसांना भेटायला मी एकटी गेले. हे उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांच्या देखभालीवर होते. घरी अगदी अबोल. चार शब्दांत दिवस निघायचा, आणि मला वाटायचं स्वभावच तसा.

ती माणसं म्हणाली, 'वहिनी, साहेब आणि अबोल?' लाइन बंद असल्याचं परमिट हातात आलं तरी दोन्ही बाजूंचं अर्थिंग, म्हणजे तारा जमिनीला जोडल्यात ना ते, स्वतः पाहिल्याशिवाय ते कुणाला टॉवरवर चढू द्यायचे नाहीत. आणि माणूस वर गेला की खालून सतत बोलायचे. घरी कोण आहे, मुलगा कितवीत, काल काय केलंस. उत्तरं येतायत म्हणजे वरचा माणूस शुद्धीवर आहे, घाबरलेला नाही, हे त्यांना कळायचं. दिवसभर असं ओरडून ओरडून घसा बसायचा. मी इतकी वर्षं संध्याकाळी जो माणूस पाहिला, तो बोलून दमलेला होता. हे मला फक्त तीच माणसं सांगू शकत होती.

त्यांनी मलाही खूप विचारलं. घरी साहेब कसे होते, रागवायचे का, झोप लागायची का. मी सांगत गेले. त्यातले दोघं पुढच्या महिन्यात माझ्याकडे येतायत. एकाला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंनी त्याला खोली द्यायचं कबूल केलंय.