जंगलाचे तुकडे करून काय होतं

वर एकांनी लिहिलंय की रस्त्यासाठी वगैरे थोडं जंगल तोडलं तरी बाकीचं तर राहतंच ना, मग एवढी ओरड कशाला. मला हे अजिबात पटत नाही. ब्राझीलमध्ये अमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहराजवळ १९७९ पासून नेमका याच प्रश्नावर प्रयोग चालू आहे, थॉमस लव्हजॉय या जीवशास्त्रज्ञांनी सुरू केलेला. गुरांच्या कुरणासाठी जंगल तुटणारच होतं, तर त्यात १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून ठेवले आणि तोडायच्या आधी आणि नंतर काय काय जगतंय याची मोजणी केली. नंतर दिसलं ते असं की कडेने ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो, मोठमोठी जुनी झाडं उन्मळून पडतात किंवा उभ्या उभ्या वाळतात आणि त्यांच्या जागी वेली आणि भराभर वाढणारी झाडं येतात. मुंग्यांच्या फौजांमागे फिरून किडे टिपणारे पक्षी तर लहान तुकड्यांतून लवकरच गेले, कारण त्या मुंग्यांना तेवढी जागाच पुरत नाही. अन् काही पक्षी असे की मधली ८० मीटरची मोकळी जागासुद्धा ओलांडायला तयार नसतात!!

म्हणजे नकाशावर हिरवं दिसतंय म्हणून आत सगळं ठीक आहे असं धरूच नका. किती तोडलं याच्याइतकंच कुठून तोडलं हेही बघायला हवं, रस्ता जंगलाच्या मधून न नेता कडेने नेला तरी खूप काही वाचतं.