बेलाला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत का?

(ग्रुप: श्वानकट्टा. इथे सेक्रेटरी सोडून सगळ्यांची नावं आपापल्या कुत्र्यांवरूनच सेव्ह आहेत.)

बेलाची आई: नमस्कार मंडळी. बेला पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. या खेपेला माजावर आली की मेटिंग करावं असं घरात चाललंय. एकदा व्याली की मादीची तब्येत सुधारते, स्वभावही शांत होतो असं बरेच जण सांगतात. मुलांनाही जन्म कसा होतो ते बघायला मिळेल. चांगला लॅब, म्हणजे लॅब्राडोर नर कोणाच्या ओळखीत आहे का?

रॉकीचे बाबा: माझ्या मित्राचा आहे वहिनी. चॉकलेटी रंग, मोठं डोकं, एकदम राजबिंडा. पेपर आहेत. पैसे नकोत त्यांना, आपल्या पसंतीचं एक पिल्लू द्या म्हणतात, बस.

शेरूचे आजोबा: एक विचारतो, राग मानू नका. पिल्लं किती होतील आणि ती जातील कुठे?

बेलाची आई: चार-पाच होतील ना आजोबा? बहिणीने एक मागितलंय, मैत्रिणीने एक. बाकीची जातील आरामात. लॅबला कोण नाही म्हणतं?

शेरूचे आजोबा: शेरू मला पावसात गटाराच्या कडेला सापडला. त्याच्या भावंडांना सगळे नाहीच म्हणाले होते. रस्त्यावर, निवाऱ्यांमध्ये इतकी पिल्लं घराची वाट बघत असताना आपण मुद्दाम आणखी जन्माला घालायची आणि विकत घ्यायची, हे मला चुकीचंच वाटतं. स्पष्ट बोलतो.

ढब्बूची ताई: आजोबा, म्हणजे ज्यांनी ज्यांनी विकत घेतला ते सगळे गुन्हेगार का? ढब्बूला मी विकत आणलाय आणि त्याच्यावर जीव टाकते.

शेरूचे आजोबा: जीव टाकतेस ते मी रोज बघतो बाळा. तुला नाही म्हणत. पण माझं मत तेच आहे.

मोतीची मावशी: बेलाच्या आई, अगं चार-पाच धरून चालू नकोस. लॅबला सात-आठ सहज होतात. आमच्या राणीला नऊ झाली होती. मीही तुझ्यासारखंच म्हटलं होतं, एकदा होऊ दे. लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. मोठं होईल, पण वाच.

गाभणपणाच्या 63 दिवसांचा हिशोब कॅलेंडरवर मांडून ठेवला होता. शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा तिचा ताप बघायचो. एरवी 101 च्या पुढे असणारा पारा एका संध्याकाळी 99 च्या खाली उतरला, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच रात्री कळा सुरू झाल्या. पहिली सहा पिल्लं पहाटेपर्यंत सुरळीत आली. राणी स्वतः नाळ तोडत होती, चाटून कोरडं करत होती, मी नुसते टॉवेल बदलत होते. मग कळा जोरात आणि पिल्लू नाही. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं: अर्धा तास जोर लावूनही पिल्लू आलं नाही तर वाट बघायची नाही, उचलून आणायचं. मी तासाहून जास्त वाट बघितली. दमली असेल, विसावा घेत असेल, अशी मनाची समजूत घालत बसले. शेवटी सिझर झालं. सातवं अडकून मेलेलं होतं. आठवं आणि नववं जिवंत निघालं.

आठवं अगदीच लहान, 240 ग्रॅमचं. बाकीची चारशेच्या आसपास होती. राणी भुलीतून पुरती बाहेर आली नव्हती. ते पिल्लू हाताला गार लागत होतं आणि तोंड उघडत होतं. मला वाटलं, भूक लागली. मी ड्रॉपरने दूध पाजलं. नवजात पिल्लाला कुडकुडताही येत नाही गं, स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही, आणि अंग गार असताना पोट चालत नाही, दूध तसंच पडून राहतं. आधी छातीशी धरून हळूहळू ऊब द्यायची, मगच दूध. हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी ते माझ्या तळहातावर गेलं. नाकाच्या शेंड्यावर दुधाचा एक थेंब वाळलेला होता.

राहिली सात.

बेलाची आई: मावशी 🙏 मला हे काहीच माहीत नव्हतं.

रॉकीचे बाबा: वाईट झालं मावशी. पण असं प्रत्येक वेळी होत नाही. किती तरी जणांकडे सगळं व्यवस्थित पार पडतं.

मोतीची मावशी: पडतं ना, बहुतेक वेळा पडतं. म्हणून तर सगळे बेसावध असतात.

झिप्पीचा दादा: मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, थोडं बोलू का? काकू, एकदा व्याल्याने तब्येत सुधारते याला काहीच आधार नाही. स्वभाव शांत होतो तो वयाने, बाळंतपणाने नाही. नसबंदी न केलेल्या मादीला मोठा धोका असतो तो गर्भाशयात पू होण्याचा, पायोमेट्रा म्हणतात त्याला. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा माद्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला दहा वर्षांच्या आत तो झालेला दिसला. एकदा पिल्लं झाली म्हणून तो टळत नाही. माज संपून महिना-दोन महिने झालेत, मादी खूप पाणी पितेय, मलूल आहे, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्राव दिसेलच असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर पू आतच साठतो.

नसबंदीची घाईही नको. लॅबसारख्या मोठ्या जातीत सांधे पक्के होऊ द्यायला वर्ष उलटेपर्यंत थांबावं असं आता बरेच डॉक्टर सांगतात. बेलाचं ते वय झालेलंच आहे.

ढब्बूची ताई: आणि मुलांना जन्म बघायला मिळेल म्हणता, पण मावशींकडे जे झालं ते मुलांनी बघितलं असतं तर?

मोतीची मावशी: माझ्या मुलीने बघितलं. अकरा वर्षांची होती.

रॉकीचे बाबा: हे सगळं मान्य. पण मग जाती टिकणार कशा? कोणीच पिल्लं घ्यायची नाहीत का? आंधळ्यांना वाट दाखवणारे लॅब कुठून येतात? सगळे ब्रीडर राक्षस नसतात.

झिप्पीचा दादा: काका, अजिबात नसतात. चांगला ब्रीडर फार कष्ट घेतो. लॅबपुरतं सांगतो. नर-मादी दोघांचे खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे. अमेरिकेतली 1966 पासून हेच काम करणारी ओएफए ही संस्था दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खुब्याचा अंतिम शेरा देत नाही, म्हणजे बेला आत्ता कुठे त्या वयाला पोचतेय. मग डोळ्यांची तपासणी. मग डीएनए. पीआरए नावाच्या आजारात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो. तो दोष दोन्ही पालकांकडून आला तरच पिल्लू आंधळं होतं. एकाकडूनच आला तर कुत्रा आयुष्यभर ठणठणीत, पण दोष पुढे देणारा. असे दोन ठणठणीत वाहक एकत्र आले की सरासरी चारातलं एक पिल्लू आंधळं होणार. बघून कोणालाच कळत नाही. तपासणी केली तर वाहकाला बाद करायचीही गरज नाही, दोष नसलेल्या जोडीदाराशी मेटिंग केलं की पिल्लांची दृष्टी या आजारापासून सुरक्षित राहते.

खुब्याचं मात्र एका जनुकावर नसतं. दोघांचे खुबे उत्तम असले तरी एखादं पिल्लू सुटत नाही. शक्यता कमी होते, एवढंच.

आणि चॉकलेटी रंगाबद्दल. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चॉकलेटी लॅबचं साधारण आयुष्य 10.7 वर्षं आणि बाकी रंगांच्या लॅबचं 12.1 वर्षं निघालं. कान आणि कातडीचे त्रासही चॉकलेटीमध्ये जास्त होते. रंगाच्या मागे लागून थोड्याच कुत्र्यांत मेटिंग होत राहिलं, हे एक कारण असावं असं अभ्यासकांना वाटतं.

रॉकीचे बाबा: पेपर आहेत ना पण त्याचे.

झिप्पीचा दादा: काका, पेपर म्हणजे वंशावळ. तब्येतीचा दाखला नव्हे.

रॉकीचे बाबा: हं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रॉकीच्या वेळचं मी इथे कधी सांगितलं नाही. त्याचेही पेपर होते. पिल्लाची आई दाखवा म्हटलं तर 'ती दुसऱ्या जागी असते' असं उत्तर मिळालं. पाच आठवड्यांचं पिल्लू हातात दिलं आणि आम्ही आनंदाने घरी आणलं. सहाव्या दिवशी पार्व्हो, तो पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार. आठवडाभर सलाईन. बायको रात्रभर त्याच्या पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसायची. वाचला, पण मला अजून त्या रक्ताच्या जुलाबाचा वास आठवतो.

ढब्बूची ताई: 😢 काका, आई न दाखवणं हीच मोठी खूण. इंग्लंडमध्ये 2020 पासून याच्यासाठी कायदा आहे, लुसीचा कायदा म्हणतात. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचं नाही. घ्यायचं तर जिथे जन्मलं तिथूनच, आईसोबत बघून. लुसी ही कॅव्हेलियर जातीची मादी. एका पिल्लांच्या कारखान्यातून 2013 मध्ये सोडवली होती. वेतावर वेत काढून तिची रया गेली होती.

झिप्पीचा दादा: आठ आठवडे आईजवळ राहू देणंही महत्त्वाचं आहे. चावा किती जोरात घ्यायचा आणि कुठे थांबायचं, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकतं.

सेक्रेटरी: चर्चा चांगली चाललीय, चालू द्या. फक्त कोणाकडेही पिल्लू आलं तर लसी पूर्ण होईपर्यंत बागेत सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, इतर पिल्लांच्या दृष्टीने विचार करा.

चिकूची आत्या: मी मध्येच बोलते. शुद्ध जातीतच हे आजार असतात ना? मग लॅब आणि पूडलचा संकर केला तर? ऐकलंय की संकर निरोगी असतात.

झिप्पीचा दादा: आत्या, नेहमीच नाही. खुब्याचा त्रास लॅबला होतो आणि पूडललाही. पीआरएचा तोच दोष दोन्ही जातींत सापडतो. दोन्हीकडून आला तर संकराचं पिल्लूही आंधळं होणार. तपासण्या इथेही तितक्याच लागतात.

वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ ऑस्ट्रेलियात मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करायचे. एका अंध बाईंच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती, म्हणून त्यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी हा संकर केला. हेतू चांगलाच होता. पण संकर म्हटल्यावर ती पिल्लं सांभाळायला कोणी पुढे येईना. लॅब्राडूडल असं नाव दिल्याबरोबर लोक तुटून पडले. पुढे काहीही तपासण्या न करता जो तो पैदास करायला लागला आणि कॉनरन यांनी स्वतः जाहीरपणे पस्तावा व्यक्त केला.

ढब्बूची ताई: आता माझंही सांगते. ढब्बू म्हणजे चपट्या तोंडाचा पग. तो घोरायचा तेव्हा मी व्हिडिओ काढून याच ग्रुपवर टाकायचे. तुम्ही सगळे हसायचात, मीही हसायचे. मागच्या उन्हाळ्यात तो दोन मजले चढला आणि जीभ निळी पडली. डॉक्टरांनी तपासलं. तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि आधी-नंतर स्टेथोस्कोपने श्वास ऐकतात. केंब्रिज विद्यापीठाने बसवलेली पद्धत आहे, 0 ते 3 अशी श्रेणी देतात. ढब्बू 3 वर होता. घोरणं म्हणजे अपुरा श्वास होता तो. नाकपुड्या मोठ्या करायचं आणि टाळूचं ऑपरेशन झालं. आता पहिल्यांदाच तो तोंड मिटून झोपतो. मी रात्री उठून त्याच्याकडे बघत बसते.

मी पुन्हा पग घेणार नाही. ढब्बूवर माझं प्रेम आहे, म्हणूनच घेणार नाही.

शेरूचे आजोबा: बाळा, मघाशी मी जरा कडक बोललो.

ढब्बूची ताई: नाही आजोबा. बरं झालं बोललात.

बेलाची आई: मावशी, तुमची ती सात पिल्लं मग कुठे गेली?

मोतीची मावशी: सातही 'चांगल्या घरी' गेली. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. कोणाकडून काही लिहून घेतलं नाही, नंतर जाऊन बघितलंही नाही. दोघांचे नंबर वर्षभरात बदलले. ती दोन आहेत की नाहीत, कशी आहेत, मला आजही माहीत नाही. चार छान राहिली.

सातवं मोती.

तुम्ही सगळे मोतीला ओळखता, पण तो राणीचाच मुलगा आहे हे कदाचित कोणाला माहीत नसेल. दहा महिन्यांचा असताना तो मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा पळायला लागला. त्या लोकांना गंमत वाटली. मग तो उठताना ओरडायला लागला. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ निघाल्या. मला फोन आला की आम्हाला हे झेपणार नाही. मी आणायला गेले तेव्हा तो गच्चीवर बांधलेला होता, आणि मला बघून उठायचा प्रयत्न करत होता.

राणीचा आणि त्या नराचा एक्स-रे काढा असं आम्हाला कोणी सांगितलं नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत राहिले. पण मी तरी कुठे विचारलं होतं? नर दिसायला सुंदर होता, मला तेवढं पुरलं.

म्हणून मी तुला करू नको असं म्हणत नाही. आजोबांसारखं ठाम मला म्हणता येत नाही, राणीच्या त्या चार पिल्लांनी चार घरं आनंदाने भरलेली मी बघितली आहेत. पण करायचं तर बेलाचा आणि त्या नराचा, दोघांचा एक्स-रे आणि डीएनए आधी. आणि आठही पिल्लांपैकी कुठलंही, कुठल्याही वयात परत आलं तर तुझ्या दारात त्याला जागा असली पाहिजे. दहा वर्षांनी सुद्धा. तेवढी जागा आहे का घरात, हे नवऱ्याशी बसून बोल.

बेलाची आई: एवढी नाही मावशी. दोन खोल्यांत आठ पिल्लं मी तशीही कुठे ठेवणार होते, याचाच विचार केला नव्हता.

रॉकीचे बाबा: वहिनी, मी मित्राला एक्स-रेचं विचारतो. तुम्ही नाही म्हणालात तरी विचारतो. त्याने आतापर्यंत तीन वेळा नर दिलाय.

झिप्पीचा दादा: 👍 काका, हे नक्की करा.

बेलाची आई: आमचं आत्ता बोलणं झालं. मेटिंग नको असं ठरलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना नसबंदीचं विचारते. धाकटा रुसलाय, त्याला पिल्लं हवी होती. मावशी, मोती किती वाजता खाली येतो? त्याला घेऊन येते.

मोतीची मावशी: सहाला. मागच्या बाजूला, रॅम्पपाशी या. जिना त्याला आता जमत नाही.