पीजे ऐकून हसू का येतं

काहीजण म्हणतात की पीजेला (म्हणजे 'पुअर जोक', टुकार विनोद) लोक जोकसाठी हसतच नाहीत, सांगणाऱ्याच्या निर्लज्जपणाला हसतात. अर्धं पटलं. पण मग समोरच्याने "का?" विचारून स्वतःच्या पायाने सापळ्यात शिरायचं, त्याचं काय? माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. आमचे काका जेवताना भाजीत मीठ कमी पडलं की हमखास म्हणणार, "आज सगळे लवकर झोपणार." कुणीतरी नवखा "का हो?" विचारतो, काका शांतपणे भाकरी मोडतात, एक घास खातात आणि मग, "खाल्ल्या मिठाला जागायचं नाही ना आज." की लगेच सगळ्यांचं "शीऽऽ काका!" आणि काकूंचा कपाळावर हात. ते "शी" आलं नाही तर जोक फसला, टाळ्या नकोतच त्यांना. आणि हो, हा इतका टुकार जोक कळायला पण वाक्प्रचार माहीत लागतो. इंग्लिश मीडियमवाल्या भाच्याने गेल्या दिवाळीत एकदम सिरियसली विचारलं, "मिठात पण कॅफिन असतं का?" त्यावर काका स्वतः इतके हसले की ठसका लागला, स्वतःच्या जोकला आजवर कधी हसले नव्हते.