जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतले कंडेन्सर: सरसकट बदलायचे की तपासून?

खरखरमास्तर
मामांच्या माळ्यावरून व्हॉल्व्हचा रेडिओ उतरवलाय. आत मेणाचे कागदी कंडेन्सर अकरा. माझं मत स्पष्ट आहे: आधी सगळे उपटा, ६३० व्होल्टचे पिवळे फिल्म कंडेन्सर झाळा, मगच प्लग लावा. कागद वर्षानुवर्षं ओल पीत बसतो. ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटवरून ईएल ८४ या स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (प्रवाह आवरणाऱ्या जाळीला) जाणारा कंडेन्सर गळायला लागला, म्हणजे अडवायची ती डीसी झिरपू द्यायला लागला, की ग्रिडचं उणे ७.३ व्होल्टचं बायस, म्हणजे व्हॉल्व्हला आवरून धरणारा स्थिर दाब, घसरतं, व्हॉल्व्ह ४८ मिलिअँपियरच्या कितीतरी पुढे जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची होळी! कंडेन्सर चहा-बिस्किटाच्या पैशात येतो. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा शोधून दाखवा.

जुनाट डायल
त्या एकाबद्दल भांडण नाही. भांडण ‘सगळे’ या शब्दाशी आहे. टोन कंट्रोलवरचा थोडा गळला तर काय आभाळ कोसळणार आहे? आणि अकरा एकदम बदलून सेट मुका झाला, तर चूक कुठल्या जोडात शोधणार? एकेक बदला, दरवेळी लावून बघा.
मुळात मोजता येतं की. ग्रिडकडचा पाय उचला, सेट चालू करा, सुटलेला पाय आणि चॅसी (सेटचा धातूचा सांगाडा) यांत डिजिटल मीटर व्होल्टवर ठेवून धरा. मीटरचा रोध १० मेगोहम, म्हणजे १० व्होल्ट दिसले तर गळती १ मायक्रोअँपियर. नुसत्या ओहमवर ठेवून ‘चांगला आहे’ म्हणू नका. मीटरच्या दोन-तीन व्होल्टला न गळणारा २०० व्होल्टला गळतो.

मेणबत्ती
मी तर म्हणते, रूपही जपा. हेअर ड्रायरने नळी तापवायची, आतलं काढायचं, नवा कंडेन्सर सारायचा, तोंडं मेणाने बंद. मागच्या सेटला दोन रविवार गेले.

खरखरमास्तर
चॅसीच्या पोटाखाली वाकून कोण बघणार आहे, ताई?

मेणबत्ती
मी बघते.

लघुलहर
पेपर-इन-ऑइलवाले, म्हणजे तेलात भिजवलेल्या कागदी कंडेन्सरचे भक्त, ‘उबदार आवाज’ घेऊन यायच्या आधीच सांगतो: एका छोट्या स्पीकरवर मीडियम वेव्ह ऐकताना तो फरक कळत नाही.
खरी चूक वेगळीकडे होते. मेन्सच्या (घरच्या विजेच्या) दोन तारांमध्ये जोडलेला कंडेन्सर एक्स २ या सुरक्षा-वर्गाचाच हवा, तिथे मास्तरांचा पिवळा नको. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी/डीसी सेटची चॅसी थेट लाइनवर असू शकते. तशा सेटमध्ये एरियल आणि अर्थच्या सॉकेटला चॅसीपासून तोडून ठेवणारा कंडेन्सर वाय या सुरक्षा-वर्गाचाच. तो शॉर्ट झाला तर एरियलच्या तारेला हात लावणारा माणूस जातो.
दुसरं, घरघर जावी म्हणून फिल्टरला २२० मायक्रोफॅरड ठोकू नका. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड ८० असेल तर पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५०. जुना ३२ असेल तर ३३ बसवा, ४५० व्होल्टचा. आयएफ कॅनमधल्या (स्टेशन वेगळं काढणाऱ्या कॉइलच्या डब्यातल्या) मायका कंडेन्सरला तर हातच लावू नका. बदललात की अलाइनमेंट, म्हणजे त्या कॉइल पुन्हा जुळवणं, आलीच.

खरखरमास्तर
डायलसाहेब, तुमच्या सांगण्यावरून मोजलं. १०० वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावून सेट जिवंत आहे एवढं बघितलं, मग थेट मेन्सवर. सुरुवातीला ३ व्होल्ट, वीस मिनिटांनी सेट तापल्यावर १९! ग्रिड रेझिस्टर ४७० किलोओहम, म्हणजे ग्रिडवर साधारण एक व्होल्ट. आता बोला. आणि हे मे महिन्यात. रत्नागिरीचा जुलै अजून यायचाय.

जुनाट डायल
एक व्होल्ट म्हणजे ईएल ८४ ला अकराएक मिलिअँपियर जादा, कॅथोड रेझिस्टर थोडं सावरून घेईल. तरी तो आजच काढा, मी कधी नाही म्हटलं? पण हा अकरातला एक. उरलेल्या दहांचं माप?

खरखरमास्तर
दहांचं माप घेत बसण्यापेक्षा दहा बदलून होतील. एकेक करून, तुमच्या मताला मान देऊन. मायका ठेवतोय.

मेणबत्ती
जुन्या नळ्या फेकू नका, पोस्टाने मला पाठवा.