मित्राला पोलिश नाटक दाखवू की नको?

खानापूरकर: मी सध्या नोकरीसाठी पोलंडात, क्राकूवला. पुढच्या महिन्यात बेळगावचा जिवलग मित्र येऊलालाय, हौशी नाटकात काम करतोय, एकदम नाटकवेडा. इथं विस्पियान्स्की या पोलिश नाटककाराचं 'वेसेले' (म्हणजे 'लग्न') लागलंय, पण सगळं पोलिशमध्ये आणि तेपण यमकात, सबटायटल नाहीत. तीन अंक बसवून त्याला शिक्षा तर होणार नाही ना?

टिळकवाडी अण्णा: ने की त्याला! आपल्याकडं श्रीकृष्ण पारिजात हे कानडी लोकनाट्य बघायला कानडी जेमतेम येणारी मराठी माणसंपण रात्रभर बसायचीच की. आणि विष्णुदास भावेंनी सांगलीत १८४३ ला सीतास्वयंवर केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघूनच, म्हणजे आपल्या नाटकाची सुरुवातच परक्या भाषेतला खेळ बघून झालीय. नाटकवाल्याला उभं राहणं, थांबणं, लाईट सगळं कळतंय.

निपाणीची वहिनी: अण्णा, बाकी पटलं, पण गोष्ट माहीत नसली तर 'वेसेले' अवघडच जाणार, त्यात माणसं किती! आदल्या दिवशी त्यांना क्राकूवच्या कडेच्या ब्रोनोवित्सेला न्या भावजी. १९०० साली क्राकूवच्या एका कवीनं खेड्यातल्या मुलीशी लग्न केलं, त्याची पार्टी झाली ते घर तिथं आहे, आता म्युझियम केलंय, आणि नाटक त्याच रात्रीचं. शहरातली शिकलेली मंडळी आणि गावकरी एकाच घरात, तोंडानं गोड बोलतात पण मनं काय जुळत नाहीत. तेव्हा पोलंड तीन राज्यांनी वाटून घेतलेला, नकाशावर देशच नव्हता, हे आधी सांगाच. दुसऱ्या अंकात पाहुण्यांना जुनी भुतं दिसतात, उठावाची हाक द्यायला सोन्याचं शिंग मिळतं आणि ज्या पोराकडं देतात तो मोरपिसाची टोपी उचलायच्या नादात ते हरवून बसतो. शेवटी पेंढ्याचा माणूस धून वाजवतोय आणि सगळे झोपेत असल्यासारखे नाचतायत. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही, माझ्या तर अंगावर काटा आला होता.

खानापूरकर: वहिनी, लई उपकार झाले. नाटक चालू असताना कानात सांगत बसू काय?

निपाणीची वहिनी: अजिबात नको, शेजारचे वैतागतात आणि त्यांचंपण लक्ष तुटतंय. इंटरव्हलला पुढच्या अंकाचं सांगा. तिकीट बाल्कनीचं काढा, लग्नघरातली गर्दी वरनं नीट दिसते.

खानापूरकर: काढूलालो आत्ताच.